पोटातला गुबारा आणि गॅसची गोळी

साखरखेर्ड्याच्या नावात साखर आहे. पण थंडीच्या दिवसांत तिथल्या ताटात काय असते ते पाहा. ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी, बेसनाचा झुणका, ठेचा, कांदा. शेतात गेलात तर भाजलेला हुरडा आणि हरभऱ्याचा हुळा. सिंदखेडराजा तालुक्यातला हा सारा मुलूख तुरी-हरभऱ्याचा. खाणे उत्तम, अंगी लागणारे. परंतु आठला जेवून नऊला अंथरुणाला पाठ टेकली, की पोट डब्ब होते, छातीशी जळजळते आणि घरातले कुणीतरी म्हणते, "गॅस झालाय, गोळी घ्या." फळीवरच्या डब्यातून पट्टी निघते. गोळी कशाची आहे, हे मात्र कुणी वाचून पाहत नाही.

मंडळी, पहिली अडचण शब्दाचीच आहे. 'गॅस' हा एकच शब्द आपण निदान चार वेगवेगळ्या तक्रारींना लावतो. पोट फुगून तट्ट होणे आणि वारा न सरणे, ही एक. घशाशी आंबट येणे आणि जळजळणे, ही दुसरी. दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटणे, मळमळणे, ही तिसरी. आणि "छातीत धरलंय", ही चौथी. पहिल्या तिघींची औषधे निराळी आहेत. चौथीला गॅसची कोणतीही गोळी नाही, म्हणून तिच्याविषयी आधी बोलतो.

हृदयाला रक्त पोहोचवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली, की दुखणे नेहमी डाव्या छातीतच येते असे नाही. कित्येकदा ते छातीच्या मध्यभागी किंवा थेट पोटाच्या वरच्या खळगीत येते आणि मळमळते. एखादा ढेकर येतो, तेवढ्याने माणसाला बरे वाटते, आणि घरचे निर्धास्त होतात. ढेकर आला म्हणजे हृदय ठीक आहे, असे मुळीच नाही. मधुमेह असलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना तर पुष्कळदा फारसे दुखतही नाही. नुसता दम लागतो, थकवा येतो, घाम सुटतो. तेव्हा छातीवर दगड ठेवल्यासारखे जड वाटत असेल, कळ जबड्याकडे, पाठीत किंवा हातात जात असेल, थंड घाम येत असेल, चार पावले चालल्यावर त्रास वाढत असेल, तर सोडा घालून पाणी पिऊन "बघू या अर्ध्या तासाने" म्हणू नका. १०८ नंबरला फोन करा आणि जिथे ई.सी.जी. निघतो तिथे पोहोचा. दुखणाऱ्या माणसाला मोटारसायकल चालवू देऊ नका. गुठळी विरघळवण्याचे औषध जितके लवकर मिळेल तितका त्याचा उपयोग जास्त. पहिले काही तास मोलाचे असतात, आणि नेमके तेच आपल्याकडे 'गॅस उतरण्याची' वाट पाहण्यात जातात.

आता खरा वारा. पोटात तो दोन वाटांनी येतो. घाईने जेवताना, चहा फुरकताना, तंबाखू चघळताना आपण हवा गिळतो. ती बहुतेक ढेकरातून परत जाते. दुसरी वाट मोठ्या आतड्याची. तूर, हरभरा, वाल, सोयाबीन यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारा पाचक रस माणसाच्या आतड्यात तयार होत नाही. त्या तशाच पुढे जातात आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू निघतात, काहींच्या पोटात मिथेनही. हे दुखणे नव्हे. दिवसातून दहा-पंधरा वेळा वारा सरणे हे निरोगी माणसाचेच लक्षण आहे, जरी चारचौघांत तसे म्हणता येत नसले तरी! काहींना दूध पचत नाही म्हणूनही पोट फुगते. अशाने आठ दिवस दूध बंद करून पाहावे, उत्तर आपोआप मिळते.

आपल्या बायकांना यावरचा उपाय ठाऊक आहेच. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचे, मोड आणायचे, मऊ शिजवायचे. याने त्या शर्करा बऱ्याच कमी होतात. हिंग आणि ओवा यांची पुष्कळांना मदत होते. मात्र हिंग्वष्टक चूर्णात सैंधव असते, म्हणजे मीठच. रक्तदाबाच्या माणसाने ते चमच्यामागून चमचा घेऊ नये.

एवढ्याने भागले नाही, तर औषध. पोटफुगीसाठी जे औषध दुकानात सर्रास मिळते त्याचे नाव सायमेथिकोन. ते काय करते हे समजायला स्वयंपाकघरात चला. तुरीची डाळ शिजताना फेस वर येतो, उतू जाऊ लागतो. तेव्हा आपण तेलाचा एक थेंब टाकतो आणि फेस बसतो. गुऱ्हाळात कढईवरही तेच करतात. सायमेथिकोन पोटातल्या फेसाला असेच बसवते. लहान बुडबुडे फुटून एक होतात आणि वारा सुटायला सोपा जातो. ते रक्तात शोषले जात नाही, म्हणून बरेचसे निर्धोक आहे. पण ते वारा नाहीसा करत नाही, नवा तयार होणेही थांबवत नाही, आणि सगळ्यांना सारखा गुण येतो असेही नाही. जेवणानंतर आणि निजताना घ्यावे. चघळायची गोळी असेल तर ती चघळावीच, अख्खी गिळू नये. पातळ औषध असेल तर बाटली हलवून घ्यावी. मोठ्या माणसाने दिवसात ५०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये.

जळजळीवर घ्यायचे ते आम्लविरोधी औषध. आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी क्षारधर्मी आहे, हे गुरुजींनी वर्गात सांगितलेलेच असेल. त्यात सोड्याचे क्षार आहेत. पाण्यात टाकताच फसफसणारे फ्रूट सॉल्ट याच कुळातले. (म्हणून लोणारचे पाणी कुणी पिऊ नये, हे सांगायलाच हवे.) यात एक गंमत आहे. गुरुजी, एका बाटलीत लिंबाचा रस घ्या, फुग्यात चमचाभर खायचा सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडाला बसवून उलटा करा. फुगा फुगतो. पोटातही असेच होते. फ्रूट सॉल्ट प्याल्यावर जो मोठा ढेकर येतो आणि "सुटलो बुवा" वाटते, त्यातला बराचसा वायू त्या पुडीनेच तयार केलेला असतो! जळजळीवर तिचा घटकाभर उपयोग आहे. फुगलेल्या पोटावर ती उलट भर घालते. पंगतीत आकंठ जेवून तर ती घेऊच नये. फसफस पूर्ण थांबल्यावरच प्यावी. आणखी एक गोष्ट: पाच ग्रॅमच्या नेहमीच्या पुडीत सुमारे ८५० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम मिठात असते तेवढे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला सबंध दिवसात पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते. ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांच्या पायांवर सूज येते, त्यांनी ही पुडी टाळावी.

बाटलीतल्या पांढऱ्या-गुलाबी औषधात बहुधा मॅग्नेशियमचे आणि ॲल्युमिनियमचे क्षार असतात. पहिल्याने जुलाब, दुसऱ्याने मलावरोध होऊ शकतो. मूत्रपिंड अधू असेल तर दोन्ही साचतात. ही औषधे दुसऱ्या औषधांच्या आडही येतात. रक्तवाढीची लोहाची गोळी, मग ती गरोदर बाईला मिळालेली असो की शाळेतून मुलींना, अशा औषधाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांचेही तसेच. निदान दोन तासांचे अंतर ठेवा. थायरॉइडच्या गोळीला चार तासांचे.

तिसरी जात पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांची. गावात 'गॅसची गोळी' म्हणतात ती बहुधा हीच. पण ती वारा काढतच नाही. ती आम्ल तयार होणे कमी करते. म्हणून ती सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, आणि दुखू लागल्यावर घेतली तर लगेच आराम पडत नाही. चौदा दिवसांत गुण आला नाही, तर गोळी वाढवायची नसते, डॉक्टर गाठायचा असतो. वर्षानुवर्षे मनानेच घेत राहिल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते, हाडे ठिसूळ होऊ शकतात. हिच्यात डोम्पेरिडोन मिसळलेली जोडगोळीही मिळते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांनी आणि म्हाताऱ्यांनी ती विचारल्यावाचून घेऊ नये. डब्यात रॅनिटिडीनची जुनी पट्टी असेल तर तिचाही मोह सोडा. २०१९ मध्ये त्या औषधात हानिकारक द्रव्य सापडले, आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळण्यात आले.

सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर वाकून कंबर धरते. संध्याकाळी दुखण्याची गोळी घेतली जाते, पुष्कळदा उपाशीपोटी. चार दिवसांनी पोटात आग पडते, मग 'गॅसची' गोळी सुरू होते. दोन्ही चालूच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराला जखम करू शकतात. गॅसची गोळी त्या जखमेची कळ काही दिवस झाकते इतकेच. डांबरासारखी काळी शी झाली, तर ते आतल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळीनेही शी काळपट होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची नसते.) घास अडकणे, वजन उतरणे, सतत उलट्या, कावीळ यांतले काही असेल तरीही आधी तपासणी, मग औषध. पन्नाशीपुढच्या बाईचे पोट नव्यानेच फुगू लागले आणि आठवड्यांमागून आठवडे तसेच राहिले, तर "वय झालं" म्हणून सोडू नये. अंडाशयाचा आजार असाही सुरू होतो. पोट फुगले आहे, उलटी होते आहे आणि शी-वारा दोन्ही बंद आहेत, तर आतडे अडकलेले असू शकते. अशा वेळी जुलाबाचे औषध मुळीच देऊ नये.

तान्ह्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, घुटी नको, ओव्याचे पाणीही नको. पाजल्यावर खांद्यावर घेऊन पाठ थोपटा, ढेकर येईल. थेंबांचे औषध वयानुसार डॉक्टरांनी सांगितले तरच, त्यांनी सांगितले तेवढेच. बाळाला हिरवी उलटी झाली, तर थेंब देण्यात वेळ न घालवता तडक रुग्णालयात न्यावे.

राहता राहिली दुकानातली गोष्ट. दोन गोळ्या मागितल्या, की दुकानदार पट्टी कातरून देतो आणि नाव, तारीख मागच्या तुकड्यावर राहून जाते. घरी आल्यावर ती पँटोप्राझोल आहे की डायक्लोफेनॅक, हे सांगायला कुणी नसते. म्हणून त्याला सांगावे, "बाबा, नाव आणि मुदत दिसेल असा तुकडा दे." आणि तेवढे मुलाकडून वाचून घ्यावे, मराठी शाळेतल्या पाचवी-सहावीच्या पोराला ती इंग्रजी अक्षरे लावता येतात.