बिरवाडीचा विंचू आणि लंडनचं ‘लॅन्सेट’

मंडळी, आपल्या प्रत्येक मंडळात एक तरी घर असं असतं, जिथला मुलगा किंवा सून परदेशात संशोधन करते. गणपतीत गाठ पडली की विचारपूस होते, “किती पेपर झाले?” मग एच-इंडेक्स, इम्पॅक्ट फॅक्टर असे शब्द ऐकू येतात. एच-इंडेक्स समजायला सोपा आहे. ज्याच्या 20 लेखांचा प्रत्येकी किमान 20 वेळा इतरांनी संदर्भ दिला, त्याचा एच-इंडेक्स 20. हा आकडा काहीतरी सांगतो, हे मान्य. पण तातडीच्या उपचारांवरचा लेख रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचला की नाही, ते त्यातून कळत नाही. ते पाहायचं तर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम पाहावं.

बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, शेतकऱ्याच्या घरातले. नागपूरला एम.बी.बी.एस. झाले आणि 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे त्यांना लाल विंचू भेटला. गवताच्या भाऱ्यात, चुलीच्या लाकडांत, कौलांत, चपलेत, कुठेही दडणारा. आपल्याकडे ‘विंचू चावला’ म्हटलं की कळ आणि बोंबाबोंब आठवते, पण लाल विंचवाचा खरा घात कळ ओसरल्यावर सुरू होतो. विषामुळे मज्जातंतू खवळतात, रक्तात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. संध्याकाळी चालत आलेलं पोर पहाटे दम लागून जायचं.

त्या काळी यावर नेमका उपाय डॉक्टरांच्या हाती नव्हता. स्टेरॉइड दिली जायची, अँटीहिस्टामिन दिलं जायचं, आणि कित्येक जण आधी मांत्रिकाकडे जाऊन मगच दवाखान्यात यायचे. बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, सगळं तासातासाने टिपायला सुरुवात केली. मला यात सर्वांत मोठं वाटतं ते हेच. प्रयोगशाळा नाही, मदतनीस नाही, फक्त रक्तदाबाचं यंत्र आणि वही. त्या नोंदींतून दिसलं की उलट्या, दरदरून घाम आणि थंडगार पडलेले हातपाय ही हृदयावर घाला येणार असल्याची आगाऊ सूचना आहे. 1982 साली हे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. लंडनचं हे साप्ताहिक 1823 पासून निघतं आणि जगभरचे डॉक्टर ते वाचतात.

दुखणं ओळखता आलं, तरी औषध हवंच होतं. पुण्याला एम.डी. करून बावस्कर पुन्हा महाडच्याच परिसरात आले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या म्हणून त्यांनी आधी नायट्रोप्रुसाइड वापरलं. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि रक्तदाबावर सतत डोळा ठेवावा लागतो. खेड्यात हे कसं जमणार? मग त्यांचं लक्ष प्राझोसिनकडे गेलं. रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेली ही साधी, स्वस्त गोळी. विष ज्या वाटेने रक्तवाहिन्या आवळतं, नेमकी तीच वाट ती अडवते. 1986 साली त्यावरचा लेखही ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी मृत्यूचं प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत असे. प्राझोसिननंतर ते 1 टक्क्याच्या आसपास आलं.

लाल विंचू काही कोकणापुरता नाही. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू, सौराष्ट्र इथेही तो आहे, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या अंगणाजवळच. महाडला सापडलेला उपाय तिथल्या डॉक्टरांना कळला तो छापून आल्यामुळेच. नाहीतर तो त्या एका वहीत आणि एका डॉक्टरच्या हातात राहिला असता. गावागावांत असे अनुभवी डॉक्टर होऊन गेले, ज्यांचं ज्ञान त्यांच्याबरोबरच संपलं. लिहिण्याचा कंटाळा आपल्याकडे जरा जास्तच!

पुढे मुंबईच्या हाफकिनची विंचवाची लस आली. आपलंच औषध श्रेष्ठ, असं म्हणत बसून राहणं बावस्करांना सोपं होतं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी 70 रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना जोडीला लस. दोन्ही मिळालेल्यांपैकी 91 टक्के रुग्ण 10 तासांत बरे झाले, नुसती गोळी मिळालेल्यांपैकी 23 टक्के. हे 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. पुद्दुचेरीच्या जिपमर संस्थेतल्या डॉक्टरांनी अशीच तुलना मुलांमध्ये केली आणि 2014 साली प्रसिद्ध केली. बावस्करांना 2022 साली पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठीतच आहे, जरूर मिळवून वाचा.

आता घरातल्यांसाठी. विंचू चावल्यावर घाम फुटला, उलटी झाली किंवा हातपाय गार पडले, तर झाडपाला आणि मंत्र बाजूला ठेवून थेट जवळचा सरकारी दवाखाना गाठा, मूल असेल तर क्षणभरही थांबू नका. प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका. त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवं ठेवून डॉक्टरांच्या नजरेखालीच ते द्यावं लागतं. आणि पावसाळ्यात चप्पल झटकून घाला.