दोन मिलिव्होल्टांचा गळा

माइक तोंडापासून चार बोटांवर धरून गायकाने मोकळ्या गळ्याने सूर लावला, की साध्या डायनॅमिक माइकच्या तारेत साधारण दोन मिलिव्होल्ट वीज उमटते. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलचा दाब दीड व्होल्ट. त्याचा हा सातशे-आठशेवा भाग! त्यामागची हालचाल तर डोळ्यांना कधीच दिसणार नाही. सेकंदाला हजार कंपनं असलेला सूर इतक्या जोरात लागला, तरी हवेचे कण जागच्या जागी जेमतेम अर्धा मायक्रॉन पुढेमागे होतात. मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. एवढ्या थरथरीने माइकमधला पडदा हलतो, पडद्याला चिकटलेलं तारेचं बारीक वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात हलतं आणि गाणं विजेत उतरतं. सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिराच्या शेवटच्या रांगेत बसून आपण जे ऐकतो, ते या दोन मिलिव्होल्टांचं वाढवलेलं रूप असतं.

शेजारी गिटार वाजत असते, तिची वीज मात्र अगदी निराळ्या मार्गाने येते. पिकअप बसवलेल्या बहुतेक अकूस्टिक गिटारींत, तारा ज्या पांढऱ्या पट्टीवरून जातात तिच्याखाली एक चपटी पट्टी दडवलेली असते. तिथे चुंबक नाही, वेटोळं नाही. तार थरथरली की पट्टीवरचा दाब कमीजास्त होतो आणि त्या दाबाचीच वीज होते. काही स्फटिक दाबले की वीज देतात, हे १८८० साली पॅरिसमध्ये प्येर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवलं. प्येर म्हणजे पुढे मेरी क्युरींचे पती झाले तेच. आज आपण छेडलेली प्रत्येक तार त्यांचा तो प्रयोग पुन्हा करत असते, हे मला दर वेळी विलक्षण वाटतं.

गळा आणि गिटार यांची ही दोन तऱ्हांची वीज एका पातळीवर आणून एकत्र करायची, हे छोट्या मिक्सरचं खरं काम. म्हणून तो निवडताना इफेक्ट किती आणि बटणं किती हे नंतर पाहावं. आधी वीज आत शिरते ती दारं पाहावीत.

दारांची मोजणी खोक्यावरच्या आकड्यावरून करू नये. स्टिरिओची एक जोडी तिथे दोन म्हणून मोजलेली असते. यामाहाचा एमजी०६ घ्या. नावात सहा आहे, पण माइकच्या जागा दोनच. एमजी१० मध्ये त्या चार आहेत. एक गाणारा आणि त्याची गिटार एवढंच असेल तर दोन पुरतात. उद्या तबला किंवा दुसरा गळा येणार असेल तर चारच घ्यावा, कारण माइकची जागा मागाहून वाढवता येत नाही.

आता गिटारचं दार. स्फटिकाच्या विजेला व्होल्ट असतात, पण दम नसतो. पुढच्या यंत्राने जरा ओढ घेतली की ती बसते. तिला समोर निदान दहा लाख ओहमचा अडसर हवा. मिक्सरच्या नेहमीच्या लाइन इनपुटला तो दहा हजारांच्या आसपास असतो. तिथे थेट पिन खुपसली की खर्ज आधी गळतो. सहाव्या तारेचा ८२ कंपनांचा गंभीर सूर विरतो आणि गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. पुष्कळ जण मग मिक्सरला नावं ठेवतात. त्याआधी गिटारच्या कुशीवर बोटं फिरवून बघा. तिथे छोट्या चकत्यांची पट्टी आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीचा कप्पा असेल, तर आतला प्रीअँप तो मोठा अडसर पुरवतोच आणि साधं लाइन इनपुट चालतं. कप्पा नसेल तर ‘हाय-झी’ बटण असलेला मिक्सर घ्या किंवा मध्ये तेवढाच अडसर देणारा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स लावा.

माइकचं दार तीन टाचण्यांचं. साउंडवाले त्याला कॅनन म्हणतात. मला सगळ्यात अद्भुत वाटतं ते हेच. तीनपैकी एक टाचणी जमिनीची, उरलेल्या दोन तारांवर तोच सूर, पण एकीवर उलटा. वाटेत खोलीतला गोंगाट दोन्ही तारांवर चढतो. मागाच्या मोटारी, ट्यूबलाइट, घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर, असं सगळं. पण तो दोघींवर सारखाच चढतो. मिक्सर दोघींमधला फक्त फरक उचलतो. सारखं ते वजा होतं, सूर तेवढा उरतो! पिळलेल्या दोन तारांची युक्ती टेलिफोनवाल्या बेलने १८८१ साली पेटंट केली होती. तारा पिळल्या की गोंगाट दोघींना समसमान लागतो. गिटारच्या साध्या एकेरी वायरला हे संरक्षण नाही, म्हणून ती पाच-सहा मीटरच्या आतच ठेवावी. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून वाजवा असं कोणी सांगू शकणार नाही. पण इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक लाटेतली वीज कापून पंख्याची गती कमी करतो आणि ती कापाकापी गिटारच्या वायरमध्ये खरखर बनून उतरते. पंखा पूर्ण वेगावर ठेवा, खरखर बरीच खाली येते.

फरकच तेवढा मोजायचा, या एका तत्त्वावर आणखी एक चमत्कार उभा आहे. मिक्सरवर ‘४८ व्ही’ लिहिलेलं बटण असतं. कंडेन्सर या दुसऱ्या जातीच्या माइकला लागणारी वीज त्याच दोन तारांतून उलट दिशेने जाते. दोन्हींवर ४८ व्होल्ट सारखेच असल्यामुळे त्यांच्यातला फरक शून्य राहतो. सुरावर त्याचा डाग पडत नाही आणि नीट जोडलेल्या डायनॅमिक माइकच्या वेटोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हा ४८ आकडा १९६६ मधला. नॉर्वेच्या आकाशवाणीकडे आणीबाणीच्या दिव्यांसाठी तेवढ्या दाबाची वीज आधीपासून होती, म्हणून नॉयमानने तिच्यावर चालणारा माइक बनवून दिला. शुअरचा एसएम५८, जो पुढे जगभरच्या रंगमंचांवर दिसू लागला, तोही त्याच वर्षीचा. तो डायनॅमिक आहे, त्याला ही वीज लागत नाही. घरच्या आणि छोट्या मंचावरच्या गाण्याला माझी पसंती डायनॅमिकलाच. तो आजूबाजूचं कमी ऐकतो आणि सहसा शिट्टी मारत नाही.

मग येतो गेन. दोन मिलिव्होल्टांना सव्वा व्होल्टापर्यंत न्यायचं, म्हणजे सहाशे पटींहून अधिक वाढ. तीही अशी की वाढवणाऱ्याची स्वतःची सळसळ मागे ऐकू येऊ नये. स्वस्त आणि चांगल्या मिक्सरमधला फरक इथे कळतो. दुकानात हेडफोन लावा, गेन बराच चढवा आणि कोणी गात नसताना ऐका. जे ऐकू येईल ते त्या मिक्सरचं स्वतःचं.

गेन लावताना हळू गुणगुणून भागत नाही. सोलापूर जिल्ह्याचा गळा मुळातच मैदानी. बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पहाडी आवाजाने मैदानं गाजवत. असा गायक वरच्या पट्टीत गेला की दोन मिलिव्होल्टांचे पाहता पाहता वीस होतात. म्हणून गाण्यातली सर्वांत चढी ओळ गायला सांगा, लाल दिवा लागला की चकती थोडी मागे घ्या आणि तिथेच सोडा. पुढचं गायकाच्या हातात. माइक पाच सेंटिमीटरवरून दहावर नेला की आवाजाचा दाब जवळपास निम्मा होतो. शिवाय जवळ धरल्यावर आवाजाला येणारा घुमाराही उतरतो.

गायकाच्या चॅनेलवर लो-कटचं बटण असेलच असा मिक्सर घ्या. ८०-१०० हर्ट्झच्या खालचं ते कापतं. त्यात पंख्याचा वारा, पावलांची धपधप आणि माइक स्टँडचे धक्के जातात. गळ्याचं फारसं काही जात नाही.

उरते खोली. उघड्या सिमेंटच्या भिंतीवरून परतलेला आवाज मिक्सरला ओळखता येत नाही. इथे घरातली सोलापुरी चादर कामाला येते. जाड सुती वीण हवेच्या कंपनांना घर्षणाने थकवते. ती भिंतीला चिकटवू मात्र नये. हजार कंपनांच्या सुराची लाट ३४ सेंटिमीटर लांब असते आणि हवा सर्वांत जोरात हलते ती भिंतीपासून पाव लाटेवर. म्हणून गायकाच्या समोरच्या भिंतीपासून आठ-नऊ सेंटिमीटर पुढे दोरी बांधून तिच्यावर दुहेरी चादर सोडावी. सहाव्या तारेच्या खर्जाची लाट चार मीटरांहून लांब, तिच्यापुढे चादरीचं काही चालत नाही. त्या घुमण्यासाठी मिक्सरवर गिटारच्या चॅनेलची ‘लो’ लिहिलेली चकती आहे; ती थोडी डावीकडे फिरवायची.