एक्झिमचं भोक: दुरुस्ती फेब्रुवारीत, बोभाटा जूनमध्ये

मेल सर्व्हर सांभाळत असाल तर एक्झिम या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचं २०१९ मधलं प्रकरण माहीत असायलाच हवं. नोंद क्रमांक सीव्हीई-२०१९-१०१४९.

क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना कोड चाळताना आवृत्ती ४.८७ ते ४.९१ मध्ये हे भोक सापडलं. मेल ज्याला पाठवायचा, त्याच्या पत्त्यात @ च्या आधी डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि 'रन' अशी रचना घातली, की एक्झिम तिला पत्ता न समजता हुकूम समजायचा आणि आतली कमांड चालवायचा. तीही थेट रूटच्या अधिकाराने! त्याच मशीनवर खातं असेल तर काम लगेच फत्ते. बाहेरून, मूळ सेटिंग असताना, कनेक्शन सात दिवस जिवंत ठेवावं लागे. दर काही मिनिटांनी एकेक बाइट पाठवत. (चिकाटीला दाद द्यावी की डोक्याला हात लावावा?) काही बदललेल्या सेटिंगमध्ये मात्र तेवढंही थांबावं लागत नसे.

खरी मेख पुढेच आहे. फेब्रुवारीत आलेल्या ४.९२ मध्ये ही चूक आधीच दुरुस्त झाली होती, पण ती सुरक्षेची बाब आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. म्हणून जूनमध्ये बोभाटा होईपर्यंत जुन्या आवृत्त्यांवर ती कुणी तातडीने लावली नाही. पुढे मे २०२० मध्ये अमेरिकेच्या एनएसएने जाहीर केलं, की रशियन लष्करी हेरखात्याचा सँडवर्म गट किमान ऑगस्ट २०१९ पासून याच भोकातून घुसतोय.

डेबियनवर आवृत्तीचा आकडा जुना दिसला तरी घाबरू नका. तिथे दुरुस्ती जुन्याच आवृत्तीला जोडतात. पॅकेजचा चेंजलॉग उघडा आणि त्यात सीव्हीई क्रमांक शोधा.