काळभैरवाच्या दारातला सर्वांत म्हातारा कुत्रा

काशीला पहिल्यांदा गेलो तो विश्वनाथासाठी. पुढच्या खेपा मात्र कुत्र्यांसाठीच झाल्या. घरचे हसतात. पण काळभैरवाच्या गल्लीत शिरलात की तुम्हीही वाकून पाहाल. काळ्या गंड्यांच्या दुकानांखाली, फुलांच्या टोपल्यांच्या आडोशाला कुत्री पसरलेली असतात. भैरवाचं वाहन म्हणून कुणी दूध ठेवतं, कुणी बिस्किटं. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री पाहत वाढलेल्या मराठी माणसाला त्याचं नवल वाटत नाही.

त्या दिवशी एका तांबूस कुत्र्याने माझ्या हातातलं बिस्किट हुंगलं आणि तो जोरात शिंकला. पायरीवर रक्ताचे बारीक शिंतोडे उडाले. "गर्मी हो गई है," फुलवाला म्हणाला. मी उकिडवा बसलो. एक नाकपुडी सुजलेली, नाकाचा घाट बिघडलेला. भटक्या कुत्र्यांच्या पंधरा वर्षांच्या नादामुळे मनात पहिलं नाव आलं ते टीव्हीटी.

पशुवैद्यांच्या तोंडी असलेलं हे नाव एका अजब कर्करोगाचं आहे. तो समागमातून पसरतो, क्वचित हुंगण्या-चाटण्यातूनही. विषाणू नाही, जिवाणू नाही. गाठीची जिवंत पेशीच एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जाऊन रुजते. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रं असतात, या पेशीत 57 ते 64. म्हणजे ही गाठ त्या कुत्र्याच्या स्वतःच्या शरीरातून उगवलेलीच नाही. रशियातल्या नोविन्स्की नावाच्या पशुवैद्याने 1876 साली असल्या गाठीचा तुकडा एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवला होता.

मग ही पेशी मूळची कुणाची? इथे मी दरवेळी रेंगाळतो. 2019 साली जगभरातल्या गाठींच्या जनुकीय अभ्यासातून निघालं की साधारण 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी एका कुत्र्याला ही गाठ झाली. त्याआधी 2014 साली त्याचं रंगरूपही अंदाजलं गेलं होतं: आखूड केस, रंग काळा किंवा करडा-तपकिरी. तो कुत्रा केव्हाच मेला. त्याची पेशी मात्र कुत्र्यामागून कुत्रं बदलत राहिली. वाटेत तिने यजमान कुत्र्यांच्या पेशींमधली ऊर्जाघरंही उचलली. ज्या नगरीत मेलेल्या किडामुंगीलाही मुक्ती मिळते म्हणतात, तिथे हजारो वर्षं मरायला नकार देणारा हा जीव गल्लोगल्ली हिंडतो!

आणि त्याच्यावर उतारा कुठला, तर आपल्या अंगणातली सदाफुली. दुर्गाघाटावर मराठी घरं पुष्कळ. मी उतरतो त्या वाड्याच्या चौकातही तिची दोन रोपं आहेत. तिच्यात व्हिन्क्रिस्टिन असतं, तेही इतकं तुटपुंजं की ढीगभर पानांतून चिमूटभर हाती लागावं. (पानं कुस्करून कुत्र्याला घालू नका, ती विषारी असतात.) माणसांच्या रक्ताच्या कर्करोगावर 1960च्या दशकापासून ते वापरात आहे. टीव्हीटीवर ते आठवड्यातून एकदा शिरेतून देतात. बहुतेक कुत्री चार ते आठ सुयांत बरी होतात, आणि पुष्कळदा कायमची. नुसती गाठ कापली तर ती परत येऊ शकते.

अडचण औषधाची नाही, ते तुलनेने स्वस्त आहे. अडचण धरण्याची. औषधाचा थेंब शिरेबाहेर गेला तर मांस जळतं, म्हणून कुत्रं अगदी स्थिर हवं. शिवाय दर सुईआधी रक्त तपासून पांढऱ्या पेशी मोजायच्या. पुण्यात आमच्या गल्लीतल्या मोत्याला तीन सुया छान झाल्या. चौथ्या वेळी माझी गाडी दिसताच तो पसार झाला, आणि आठवडाभर मी उकडलेली अंडी घेऊन त्याच्यामागे! शेवटी पानवाल्याने नुसती हाक मारली आणि मोत्या त्याच्या मांडीत येऊन बसला. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की भटक्या कुत्र्याला डॉक्टरआधी एक मालक लागतो, निदान सुईच्या दिवसापुरता.

इतर कर्करोगांबद्दल धावतं सांगतो. लसिकाग्रंथींच्या कर्करोगात चार औषधांची केमोथेरपी देतात; तो सहसा समूळ जात नाही, पण बरेचदा वर्षभराचं बरं आयुष्य मिळतं. हाडाच्या कर्करोगात पाय काढून नंतर केमो. स्तनाची गाठ लवकर कापावी. मादीची नसबंदी लहानपणी केली तर तो धोका बराच कमी होतो. किरणोपचार आपल्याकडे कुत्र्यांना अजून दुर्मिळच. माणसांसाठी टाटा मेमोरियलचं महामना मालवीय कर्करोग केंद्र 2019 साली काशीत उभं राहिलं. कुत्र्यांना तसलं भाग्य कुठलं! टीव्हीटीला गावातून हाकलायचं तर नसबंदीला पर्याय नाही. 2023चे प्राणी जन्मनियंत्रण नियम ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकतात.

तर तो तांबूस कुत्रा. ओळखीच्या पशुवैद्याने नाकातला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोल गोल पेशी, आत मोत्यांच्या सरीसारखे पोकळ बुडबुडे. टीव्हीटीच. मग त्याने एवढंच विचारलं, "पकडेगा कौन?"

मी तर परवाच्या गाडीने निघणार होतो. फुलवाल्याने झेंडूची टोपली बाजूला सारली, कुत्र्याची मान काखेत घेतली आणि म्हणाला, "हम पकडेंगे. बस, मंगल-इतवार छोड के. उस दिन बाबा के यहाँ भीड रहती है."

बुधवार ठरला.