बिबळ्या आणि चित्ता

आमच्या दिलसुखनगरात बिबळ्याचे चित्र दाखविले की मुले हटकून ‘चित्ता’ म्हणतात. तेलुगूत बिबळ्याला ‘चिरुता’ म्हणतात. त्याने घोटाळ्यात भरच पडते.

शास्त्र ठिपक्यांवर भुलत नाही. मार्जारकुलातील वाघ, सिंह, जग्वार आणि हिमबिबळ्या यांच्याबरोबर बिबळ्या ‘पँथेरा’ या प्रजातीत बसतो. चित्त्याची प्रजाती निराळी, ‘ॲसिनोनिक्स’. त्याचा जवळचा आप्त अमेरिकेतील प्यूमा. चित्ता डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा घुरघुरतो. त्याची नखेही पुरती आत ओढली जात नाहीत.

भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. २०२२ साली नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या अरण्यात आणावे लागले. ज्याचे नाव आपण दुसऱ्यालाच देऊन बसलो, त्याचे जाणे ध्यानात यावे तरी कसे?