बर्फाऐवजी फळ : गोठवलेल्या फळांचे लिंबू सरबत

लिंबू सरबत गार करण्यासाठी पेल्यात बर्फ टाकण्याची रीत सर्वत्र रूढ असली, तरी तो बर्फ वितळताना सरबत पातळ करीत जातो आणि शेवटच्या घोटापर्यंत लिंबाचा आंबटपणा, साखरेची गोडी व मिठाची चव ही तिन्ही फिकी पडलेली असतात. या पाण्याचा हिशेब अवघड नाही. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरवायचे तर त्यातून एक कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते, आणि शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. या उष्णतेने तापमान न वाढता केवळ पदार्थाची अवस्था बदलते, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. त्यानुसार ३० अंशांवरचे २०० ग्रॅम सरबत ५ अंशांपर्यंत आणायचे तर सुमारे ५,००० कॅलरी उष्णता काढावी लागते व त्यासाठी जवळपास ६० ग्रॅम बर्फ खर्ची पडतो, म्हणजे मूळ सरबताच्या पाव हिश्शाहून अधिक कोरे पाणी त्यात मिसळते.

गोठवलेले फळ हे काम बर्फाइतकेच चोख करते. कलिंगड आणि स्ट्रॉबेरी यांच्या गरात ९० टक्क्यांहून अधिक, तर आंबा व द्राक्षे यांत ८० टक्क्यांहून थोडे अधिक पाणी असते. ते गोठले की फळाची प्रत्येक फोड हा बर्फाचाच खडा होतो, फक्त वितळताना त्यातून कोऱ्या पाण्याऐवजी रस सुटतो. सरबत गार होताना पातळ न होता उलट दाट व सुगंधी होत जाते, आणि या पेयाचे सारे वेगळेपण एवढ्या एका गोष्टीत आहे.

याहून मोठा लाभ मात्र ऋतूंचा आहे. कागदी लिंबाच्या झाडाला वर्षातून तीन वेळा फुले येतात व त्यांना बहार म्हणतात: जानेवारी-फेब्रुवारीतला आंबिया, जून-जुलैतला मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला हस्त बहार. उन्हाळ्यात बाजारात येणारी लिंबे प्रामुख्याने हस्त बहाराची असतात. पण बहार येण्यासाठी झाडाला आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे काही काळ पाणी तोडून त्याची वाढ थांबवावी लागते, आणि ऐन पावसात जमीन ओली असताना हा ताण नीट बसत नसल्यामुळे हस्त बहाराची फळे नेहमीच कमी मिळतात. परिणामी ज्या एप्रिल-मे महिन्यांत लिंबाला सर्वाधिक मागणी असते, त्याच महिन्यांत ते सर्वांत महाग होते, तर आंबिया बहाराची भरघोस फळे पावसाळ्यात, सरबताची फारशी आठवणही कोणाला येत नाही अशा वेळी, स्वस्तात मिळतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने साई शरबती आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने विक्रम व प्रमालिनी असे चांगल्या उत्पादनाचे वाण दिले असले, तरी उन्हाळ्यातली तूट सरलेली नाही. फळांचीही तीच गत आहे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात भरात असते व उन्हाळ्याच्या तोंडाशी संपत येते, नाशिकची द्राक्षे एप्रिलमध्ये आटोपतात, आणि जांभूळ पिकते ते पाऊस दाराशी आल्यावर. श्रावणातले लिंबू, माघातली स्ट्रॉबेरी आणि ज्येष्ठाच्या अखेरीचे जांभूळ निसर्गात एका पेल्यात येणे शक्य नाही; घरच्या फ्रीजरमुळे ते शक्य होते. म्हणून हे सरबत तहान लागल्यावर सुचण्याचा पदार्थ नसून लोणच्या-पापडांसारखा बेगमीचा पदार्थ आहे, असे मानणेच योग्य ठरते.

बेगमीची सुरुवात लिंबाच्या रसापासून करावी. मध्यम आकाराच्या, पातळ सालीच्या कागदी लिंबातून साधारण १५ ते २० मिलीलीटर रस निघतो. लिंबे ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवली म्हणजे आतील रसपेशी सैल होतात व रस अधिक सुटतो. मात्र चोथा पिळून काढण्याचा मोह आवरावा, कारण लिंबाच्या बिया आणि पांढरी आतली साल यांत लिमोनिन नावाच्या कडू द्रव्याचे पूर्वरूप असते, जे आरंभी बेचव असून आंबट रसात राहिल्यावर हळूहळू कडू होते. करताना गोड वाटलेले सरबत तासाभराने कडवट का लागते, याचे कारण बहुतेकदा हेच असते. रस लगेच गाळून बिया दूर कराव्यात. भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे; कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हा जुन्या गृहिणींचा अनुभव रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही खरा आहे, कारण आम्लामुळे तांब्याचे क्षार रसात उतरतात. गाळलेला रस बर्फाच्या साच्यात ओतून गोठवावा व त्याचे खडे घट्ट बंद होणाऱ्या डब्यात भरून ठेवावेत. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते, म्हणून साचा काठोकाठ भरू नये आणि काचेच्या बाटलीत रस कधीही गोठवू नये. अनेक महिन्यांनंतरही अशा रसाचा आंबटपणा कायम राहतो, सुवास मात्र काहीसा उतरतो. ती उणीव सरबत करतेवेळी एका ताज्या लिंबाची हिरवी-पिवळी साल किसून घातल्याने भरून निघते, कारण लिंबाचा खरा सुगंध सालीतल्या तेलात असतो.

फळे गोठवताना घाई जितकी वाईट तितकाच ओलावाही वाईट. फळे स्वच्छ धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून, एकसारख्या फोडी ताटलीत एकमेकींना न चिकटतील अशा पसरून गोठवाव्यात व कडक झाल्यावरच पिशवीत भराव्यात. एकदम पिशवीत कोंबलेल्या फोडींचा एकच दगड होतो आणि तो फोडताना मिक्सरचे पाते तुटण्याची वेळ येते. पसरून गोठवल्याने दुसराही एक लाभ होतो, तो म्हणजे फोडी लवकर गोठतात. गोठण हळू झाली तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, जलद झाली तर बारीक राहतात, आणि मोठे स्फटिक फळाच्या पेशींच्या भिंती फोडतात. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या मूळ रहिवाशांनी पकडलेले मासे क्षणात गोठून पुढे ताज्यासारखे लागतात, हे पाहूनच क्लॅरेन्स बर्ड्झाय या अमेरिकन निसर्ग-अभ्यासकाने १९२० च्या दशकात जलद गोठवणीचे तंत्र विकसित केले, आणि आजचा गोठवलेल्या अन्नाचा सारा व्यापार त्याच तत्त्वावर उभा आहे. घरच्या फ्रीजरला तो वेग साधत नाही. त्यामुळे घरी गोठवलेली स्ट्रॉबेरी वितळल्यावर लोळागोळा होऊन रस सोडते. खाण्याच्या फळात हा दोष होय, पण सरबतात रस सुटणे हेच इष्ट असल्याने तो गुण ठरतो. पिशवीतली हवा दाबून काढणे मात्र विसरू नये, कारण हवा राहिली तर फळाच्या पृष्ठभागावरचा बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातो, या क्रियेला संप्लवन म्हणतात, आणि फोडींवर पांढरट, चिवट, बेचव डाग पडतात.

कोणते फळ घ्यावे, याचे उत्तर चवीइतकेच रंगावर व पोतावर अवलंबून आहे. कलिंगड सर्वांत सोपे व स्वस्त, परंतु बिया काढल्याखेरीज ते मिक्सरमध्ये जाऊ नये. आंब्यांपैकी रसाळ पायरी या कामी हापूसपेक्षा सरस म्हणावा लागेल, कारण हापूसची घनदाट गोडी लिंबाला फारसा वाव देत नाही. काळ्या करवंदांचा चीक दोन-तीन पाण्यांनी धुऊन काढावा व त्यांचा गर गाळून मगच गोठवावा. चिकू आणि केळे यांना या पदार्थात स्थान नाही; त्यांची पिठूळ गोडी लिंबाशी कधीच जुळत नाही. जांभळाचा प्रकार सर्वांहून देखणा आहे. त्याच्या सालीत व गरात अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये असतात आणि त्यांचा रंग द्रावणाच्या आम्लतेनुसार बदलतो, त्यामुळे जांभळाच्या निळसर-जांभळ्या गरात लिंबाचा रस पडताच ज्या ठिकाणी धार पडली तिथून तांबडी छटा पसरू लागते आणि चमच्याने एकदा ढवळल्यावर सगळा गर झळझळीत किरमिजी होतो. जांभळाचा तुरटपणा चिमूटभर सैंधवाने सौम्य होतो, जांभळांना मीठ लावून खाण्याची जुनी रीत इथेही उपयोगी पडते.

साखरेविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण गोठलेल्या सरबतात साखर केवळ गोडीसाठी नसते. पाण्यात साखर विरघळली की त्याचा गोठणबिंदू खाली जातो. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर असेल तर ते शून्याऐवजी उणे १.८६ अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि जसजसा बर्फ बनत जातो तसतसे उरलेले द्रावण अधिकाधिक गोड होऊन गोठायला आणखी नाखूश होते. बर्फाचे बारीक कण आणि त्यांच्यामधला न गोठलेला गोड रस अशी जी भुरभुरीत, चमच्याने उचलता येणारी अवस्था हवी असते, ती या कारणाने मिळते. फळातली साखर धरून एकूण मिश्रणात साखरेचे प्रमाण १३ ते १५ टक्के असावे. त्याहून कमी असेल तर मिश्रण कडक बर्फ बनते, आणि बरेच अधिक असेल तर ते पाकासारखे ओघळत राहते. शिवाय थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून नेहमीच्या सरबतापेक्षा किंचित गोड वाटणारे मिश्रणच गोठल्यावर योग्य लागते. साखर गार पाण्यात फार सावकाश विरघळते, यासाठी समभाग साखर व पाणी उकळून पाक करावा, तो पूर्ण निवू द्यावा आणि मगच त्यात लिंबाचा रस घालावा. गरम पाकात रस घातल्यास सुवास उडतो व क जीवनसत्त्वाचाही नाश होतो.

चार पेल्यांसाठी ४०० ग्रॅम गोठवलेले फळ, ८० मिलीलीटर लिंबाचा रस, १०० ग्रॅम साखर व १०० मिलीलीटर पाणी यांचा निवलेला पाक, ३०० मिलीलीटर थंडगार पाणी आणि दोन चिमूट मीठ किंवा पादेलोण हे प्रमाण बहुतेक फळांना चालते. आंबा व द्राक्षे यांच्यासाठी साखर ७५ ग्रॅमपर्यंत उतरवावी, कलिंगड व स्ट्रॉबेरी यांच्यासाठी ११० ग्रॅमपर्यंत न्यावी. फ्रीजरमधून काढलेले फळ पाच मिनिटे बाहेर ठेवावे, लिंबाच्या रसाचे खडे पाकात विरघळवून घ्यावेत, आधी द्रवपदार्थ व वरून फळ अशा क्रमाने मिक्सरच्या भांड्यात घालावे आणि तो सलग न चालवता थांबून थांबून फिरवावा, कारण सलग फिरणाऱ्या पात्यामुळे मिश्रण तापते. आरंभी भांड्यात खडखड आवाज होतो, मग तो खरखरीत घुमू लागतो, आणि मिश्रणाच्या मध्यभागी संथ भोवरा दिसला की थांबावे. त्यानंतर एक क्षणही अधिक फिरवल्यास ते पुन्हा पातळ सरबत होऊन जाते.

मिक्सर नसला तरी अडत नाही. इटलीतील सिसिली बेटावर एटना पर्वतावरचा बर्फ साठवून त्यापासून लिंबाची गारेगार मिठाई बनवण्याची परंपरा जुनी आहे व तिचे आजचे रूप ग्रानिता या नावाने ओळखले जाते. त्या पद्धतीनुसार फळाचा गर, पाक, रस व पाणी यांचे मिश्रण पसरट स्टीलच्या ताटात ओतून फ्रीजरमध्ये ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने कडेला धरलेला बर्फ काट्याने खरवडून मधोमध आणावा. तीन-चार तासांत ताटभर मोकळा, चकाकणारा चुरा तयार होतो. वीज वारंवार जाणाऱ्या भागात मात्र एकदा वितळलेले मिश्रण पुन्हा गोठवू नये.

गोठवल्याने जंतू मरतात हा समज सर्वत्र आढळतो आणि तो घातक आहे. थंडीने जंतूंची वाढ थांबते, ते नष्ट होत नाहीत, आणि फळ वितळताच त्यांतील अनेक पुन्हा वाढू लागतात. म्हणून फळे धुण्याचे, पाकाचे व सरबतात घालायचे पाणी उकळून गार केलेले किंवा खात्रीने शुद्ध केलेलेच असावे, आणि कापलेली फळे बाजारातून आणून गोठवू नयेत. बाहेरच्या बर्फाबद्दलची भीती अनाठायी नाही. खाण्यायोग्य नसलेला, मासे वगैरे टिकवण्यासाठीचा बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळसर रंगाचा असावा, असे बंधन महाराष्ट्रात २०१८ मध्ये घालण्यात आले, यावरूनच दोन्ही बर्फांची सरमिसळ किती होत असावी याची कल्पना येते. घरी गोठवलेल्या फळाने ती चिंता उरत नाही.

एक सावधगिरी मात्र स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. वरील प्रमाणाने केलेल्या एका पेल्यात वरून घातलेली साखरच २५ ग्रॅम येते, आणि प्रौढ व्यक्तीने दिवसभरात घ्यावयाच्या अशा साखरेची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली अधिक हितकर मर्यादाही साधारण तितकीच आहे. मधुमेह असणाऱ्यांनी हे पेय वैद्यांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, मुलांना अर्धा पेला पुरे समजावा, आणि उन्हाचा तडाखा बसलेल्या माणसाला यापेक्षा मीठ-साखरेचे योग्य प्रमाणातले साधे पाणी द्यावे व ताबडतोब डॉक्टर गाठावा. एरवी ज्या घरात फ्रीजर आहे, त्या घराने येत्या पावसाळ्यात लिंबे स्वस्त होताच दोन-तीन किलो लिंबांचा रस काढून ठेवावा. पुढच्या मे महिन्यात बाजारातला भाव काहीही असला, तरी घरच्या सरबतात लिंबाची कसर राहणार नाही.