धर्म : आचरण्याचा आणि अभ्यासण्याचा

धर्म हा घरात व देवळात शिकावयाचा विषय. त्यासाठी विद्यापीठ कशाला, असे पुष्कळांना वाटते. या समजुतीच्या मुळाशी ‘धर्माचे शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचे शिक्षण’ या दोहोंची गल्लत आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा भेद मांडला होता. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. परंतु धर्मांचा अभ्यास करण्यास ही मनाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सांगितले.

आता आमच्या पांढुर्ण्याचेच उदाहरण घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. झाडावरील झेंड्यासाठी दोन्हीकडून दगड सुटतात. ही गोटमार. कोणी तिचे मूळ दोन गावांच्या प्रेमिकांच्या करुण कथेत सांगतात, कोणी भोसल्यांच्या सैनिकांच्या सरावात. दरवर्षी माणसे जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयोगही प्रशासनाने करून पाहिला, पण दगड काही थांबले नाहीत.

भाविक विचारतो, चंडीमातेची परंपरा कशी मोडावी? अधिकारी विचारतो, ही कशी थांबवावी? अभ्यासकाचे प्रश्न निराळे असतात. कोणती कथा कोण सांगतो? तिचा सर्वांत जुना लेखी पुरावा कोणता? ज्या घरातला मुलगा गेला, ते घर या दिवसाबद्दल काय बोलते? देवी खरी की खोटी, याचा निवाडा तो करीत नाही. मात्र ‘फार प्राचीन’ या दाव्याला पुरावा मागण्याचा हक्क तो सोडीत नाही. सौंसर तालुक्यातील जामसावळीच्या निद्रिस्त हनुमंतालाही हीच दृष्टी लावता येईल.

ही दृष्टी परकी आहे, असेही नाही. आज कर्नाटकात असलेल्या जमखंडीत १८७३ साली जन्मलेले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकले. परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारणाचे संघटित कार्य सुरू केले. म्हणजे या अभ्यासाने त्यांची श्रद्धाही गेली नाही आणि समाजाविषयीची तळमळही आटली नाही. पुढे रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात मराठी मनाच्या लाडक्या दैवताचा शोध कन्नड व तेलुगू प्रदेशांपर्यंत नेला.

माझ्या मते गोटमारीसारख्या प्रश्नावर बंदी आणि हट्ट यांच्यामधला रस्ता अशा अभ्यासातूनच निघेल. लोक जे करतात ते का करतात, हे कळल्यावाचून त्यांच्याशी बोलणे व्हावे तरी कसे? या विषयाची स्वतंत्र पदवी सर्वत्र मिळत नाही, हे खरे. परंतु इतिहास, समाजशास्त्र वा तत्त्वज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्याला आरंभ आजही करता येईल. आपल्या गावच्या जत्रेची हकिकत पाच निरनिराळ्या जातींच्या, वयांच्या माणसांकडून ऐकून जशीच्या तशी लिहून काढावी. त्या पाच हकिकती जिथे जुळत नाहीत, तिथूनच अभ्यास सुरू होतो.